डाव्या हाताचं माप

शेषराव मास्तरांनी बायकोच्या डाव्या हाताचं माप भिंतीवरून घेतलं, तिथूनच सगळं बिघडलं. बायको समोर असती तर भिंतीकडे जायची गरज नव्हती. पण सत्यवतीबाई पाच महिन्यांपासून अकोल्याला, जठारपेठेत लेकीकडे होत्या, आणि माप त्यांच्या नकळत घ्यायचं होतं. चौतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेल्या माणसाला एका हाताचं माप घेणं जड जाऊ नये, असं कोणालाही वाटेल. शेषरावांनाही तसंच वाटलं.

भिंतीवर हात कुठून आला, ते आधी सांगायला हवं. अमरावतीत बडनेऱ्याच्या बाजूला, शहर संपलं असं वाटून बराच वेळ गेल्यावर शेषरावांचं घर लागतं. पंचवीस वर्षांपूर्वी गृहप्रवेशाच्या दिवशी देवघराशेजारच्या भिंतीवर ओल्या हळदीचे दोन पंजे उमटवले गेले, एक डावा, एक उजवा. तेव्हापासून घराला पाच वेळा रंग लागला आणि पाचही वेळा शेषरावांनी रंगाऱ्याच्या मागे उभं राहून तेवढा चौकोन सोडायला लावला. आता त्या चौकोनाच्या कडेला पिस्ता, आकाशी, बदामी असे थर मोजता येतात आणि मध्ये हळदीचे दोन हात खोल बसले आहेत.

त्यातल्या डाव्या हातावर शेषराव रोज संध्याकाळी आपला हात ठेवत. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. आपणही बाहेर बोलू नये. वेळ ठरलेली होती. सात वाजता अकोल्याला फोन, आणि फोन संपला की भिंत.

फोनही ठरलेला होता.

"जेवले काय?" सत्यवतीबाई विचारत.

"हो."

"काय केलं होतं?"

"खिचडी."

"कालबी खिचडीच होती."

"आज पापड होता."

मग तिकडे नातवाचं रडणं ऐकू येई, इकडे पंख्याचं कुरकुरणं. शेवटी शेषराव म्हणत, "तुळस सुकून राह्यली."

"पानी टाका."

"टाकतो."

संपलं. तुळस खरं तर अंगणात छातीएवढी झाली होती, कारण निवृत्त माणूस दिवसातून दोनदा पाणी घालत होता. पण तीस वर्षं संसार झालेल्या वऱ्हाडी मास्तराने बायकोला 'तुझ्याशिवाय घर खायला उठतं' असं फोनवर सांगायची पद्धत आमच्याकडे अजून सुरू झालेली नाही. घर खायला उठत होतं, ही गोष्ट मात्र खरी. सकाळचा चहा ते दोन कप करत आणि दुसरा गार झाल्यावर पीत.

बाळंतपण होऊन गेलं, बारसं होऊन तीन महिने झाले, तरी सत्यवतीबाई यायचं नाव काढेनात. विचारावं तर मास्तरकी आडवी येत होती. एके दिवशी फोन लेकीने उचलला. पौर्णिमा बापासारखी नव्हती, स्पष्ट बोलणारी.

"बाबा, आई काही लवकर येत नाही. तिथं येऊन करू काय म्हणते. भाजी आणाची त बाबाची वाट पाहा, भजनाले जायाचं त बाबाची वाट पाहा, बाबा झोपले त उठाची वाट पाहा. इथं पायी पायी सगळं हाये."

"मी नेतो ना तिले. म्हणन तिथं नेतो."

"थेच म्हणते आई. नेता तुमी. तिले गाडी चालवाची होती म्हणे. तुमचीच गाडी. मले त माहीतच नोतं, बाबा. तुमी म्हणले होते म्हणे का तुहे बोटं आखूड हायेत."

शेषरावांनी फोन ठेवला आणि त्या दिवशी भिंतीकडे न जाता ते अंगणात तुळशीपाशी जाऊन बसले. बावीस वर्षांपूर्वीचा एक रविवार त्यांना स्वच्छ आठवला.

मोटारसायकल तेव्हा नवी होती. सत्यवतीबाई तिवशाजवळच्या फुलमळ्यातल्या. लग्नाआधी झेंडूचं गाठोडं सायकलला बांधून त्या गुरुकुंज मोझरीपर्यंत एकट्या जात आणि हार विकून परत येत. त्यांनी गाडी शिकवा म्हटल्यावर शेषरावांनी मोठ्या मनाने त्यांना शाळेच्या मैदानावर नेलं. मन मोठं होतं, पण मैदानावर त्या दिवशी पेपर तपासायला आलेले मुख्याध्यापक, ड्रिलमास्तर आणि आणखी दोघं शिक्षक उभे होते. गाडी सुरू झाली, जागच्या जागी तीन हात उडाली आणि फुटबॉलच्या खांबाला टेकून आडवी झाली. सगळे हसले. तेव्हा आपली शिकवणी कच्ची ठरू नये म्हणून शेषराव मोठ्याने म्हणाले, "हिचे बोटं आखूड आहेत हो, क्लचपर्यंत पुरत नाहीत. मागं बसायचाच हात आहे तो."

सत्यवतीबाईंनी साडीची माती झटकली आणि त्या मागे बसल्या. बावीस वर्षं त्या मागेच बसल्या. या विषयावर पुन्हा एक शब्द बोलल्या नाहीत, त्यामुळे विषय संपला असं शेषराव धरून चालले होते.

आता त्यांनी ठरवलं. क्लचचं आणि ब्रेकचं लिव्हर बायकोच्या बोटांजवळ आणायचं, तिचं शिकाऊ लायसन काढायचं, त्याच गाडीवर अकोल्याला जायचं आणि गाडी तिच्या हातात द्यायची. महालक्ष्म्या तीन आठवड्यांवर आल्या होत्या. त्याआधी घरची लक्ष्मी घरी यायला हवी होती. तशी आली नाही तर कधीच येणार नाही, अशी त्यांना धास्ती होती.

तर माप. शेषरावांनी ट्रेसिंग पेपर, कंपास आणि पट्टी घेतली आणि भिंतीवरच्या डाव्या पंजाची रेघ उतरवून घेतली. अंगठ्याच्या बेचक्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर त्यांनी तीनदा मोजलं. एवढासा हात! आठवीतल्या मुलीचा असावा इतका. एवढ्याशा हाताने हिने आपला संसार ओढला, या विचाराने त्यांना भरून आलं आणि कागद भिंतीवर धरून ते डोळे मिटून उभे राहिले.

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या मनकर्णाबाई झुणक्याची वाटी घेऊन आत आल्या.

"अगं माय! मास्तर, भोवळ आली काय?"

"नाही, नाही." शेषराव गोरेमोरे झाले. "भिंतीले ओल आहे का पाहून राह्यलो."

मनकर्णाबाईंना एक शब्द सांगितला की तो कॉलनीत पोचवायला मोबाइल लागत नाही. तासाभरात समोरचे खुशालराव हातोडी घेऊन हजर झाले. खुशालराव सरकारी बांधकामातून निवृत्त झाले असले तरी बांधकाम त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. त्यांनी भिंतीला कान लावला, तीन ठिकाणी ठोकलं आणि निर्णय दिला, "पिल्लास्टर आतून सुटलं हाये. हे पंजे हायेत ना, इथूनच पानी घुसून राह्यलं. एवढा चौकोन खरडा अन् नवीन मारा."

शेषराव दोन्ही हात पसरून त्या चौकोनासमोर उभे राहिले. "इथं हात लावायचा नाही!" ते वर्गात ओरडत त्या आवाजात ओरडले. खुशालराव हातोडी घेऊन परत गेले, पण जाताना मनकर्णाबाईंच्या फाटकापाशी थांबून हळूच म्हणाले, "वैनी घरी नाही ना. माणूस असा होते."

दुसऱ्या दिवशी गाडी बंडू मिस्त्रीकडे गेली. बंडू मिस्त्री हा शेषरावांचाच जुना विद्यार्थी, दहावीला गणितात दोनदा राहिलेला. त्यामुळे गुरूबद्दल त्याच्या मनात आदर होता आणि गुरूच्या मनात त्याच्या मापांबद्दल शंका होती.

"लिव्हर जवळ घ्यायचं आहे. साडेतीन सेंटिमीटर," शेषराव म्हणाले.

"शेंटिमीटर नाई, सर. बोटं सांगा. किती बोटं?"

"कोणाची बोटं?"

"माहीच. दुसऱ्याची कुठून आनू?" बंडूने आपली दोन बोटं दाखवली. केळ्याएवढी होती. "दोन बोटं घेतो. लिव्हर तापवलं का येते बरोबर." त्याने लिव्हर तापवलं, पाइपात घातलं आणि जोर लावला. लिव्हर बरोबर आलं, म्हणजे अर्धं हातात आलं आणि अर्धं पाइपात राहिलं. बंडूने दोन्ही तुकड्यांकडे पाहिलं. "माल जुना होता, सर," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने त्याला सुचलं, "पन कोनाच्या हातासाठी पाह्यजे हे?"

खरं सांगायचं तर बायकोचं नाव घ्यावं लागलं असतं. आणि बंडूच्या गॅरेजवर त्या वेळी खुशालराव आपल्या स्कूटरमध्ये हवा भरत उभे होते. शेषराव घाईने म्हणाले, "माझीच बोटं जरा आखडली आहेत."

त्या एका वाक्याने पुढचे चार दिवस खाल्ले. संध्याकाळी खुशालराव तेलाची बाटली घेऊन आले. सकाळी मनकर्णाबाई गरम रेतीची पुरचुंडी घेऊन आल्या आणि शेकून दिल्याशिवाय गेल्या नाहीत. दुधवाल्याने पातेलं स्वतः ओट्यावर नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी बोटांऐवजी अख्खा हात आखडला, तिसऱ्या दिवशी मास्तरांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, आणि चौथ्या दिवशी ही बातमी अकोल्याला पोचली.

त्या दिवशी फोन साडेचारला आला.

"अवो, डावा हात उचला बरं."

"फोनवर कसा दिसंल तुले?"

"उचलला काय?"

"उचलला."

"डावाच ना?"

"अवं, डावाच."

"खरं सांगा." सत्यवतीबाईंचा आवाज कापत होता. इतक्या वर्षांत तो असा कापलेला शेषरावांनी दोनदाच ऐकला होता. "मी येते. सहाची गाडी हाये, तिनं येते. तुमी फक्त खरं सांगा."

शेषरावांना काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसले असते तर साडेआठपर्यंत चपला दाराशी वाजल्या असत्या, स्वयंपाकघरात दिवा लागला असता आणि कोणीतरी रागावून विचारलं असतं की डब्यातला गूळ कुठे गेला. त्यांना तो आवाज इतका हवा होता की छातीत दुखायला लागलं, आणि दुखतं आहे असं सांगितलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं. पण आजाऱ्याची सेवा करायला आलेली बायको ही आपल्या घरी आलेली बायको नव्हे, हे त्यांना कसं कोण जाणे, त्या क्षणी कळलं.

"काही झालं नाही," ते म्हणाले. "खुशालरावले कामधंदा नाही. हात ठणठणीत आहे."

तिकडे मोठा श्वास सुटला. "बरं." मग, "तुळस?"

"सुकूनच राह्यली."

फोन ठेवल्यावर आपण हे काय बोलून बसलो म्हणून ते दोन तास स्वतःवर चरफडत होते.

लिव्हर शेवटी मोबाइलवरून मागवलं. जवळ-लांब करता येणारं लिव्हर मिळतं, हे बंडूनेच शोधून काढलं. त्याला ते आधीचं मोडण्यापूर्वी सापडलं असतं तर बरं झालं असतं. पहिल्या पार्सलातून दुसऱ्याच कुठल्या गाडीची दोन सोनेरी लिव्हर निघाली. परत करायला गेलं तर कारण विचारलं, आणि कारणांच्या यादीत तीनच कारणं होती: वस्तू तुटकी आहे, रंग आवडला नाही, मत बदललं. शेषरावांनी आयुष्यभर मुलांना रिकाम्या जागा खरं लिहून भरायला लावल्या होत्या. वस्तू तुटकी नव्हती. रंगाशी त्यांचं भांडण नव्हतं. आणि मत तर बावीस वर्षांत पहिल्यांदाच पक्कं झालं होतं. त्यांनी ग्राहकसेवेला फोन लावून हे सगळं एका बाईला पाऊण तास समजावलं. ती बाई माणूस नसून मशीन आहे, हे शेवटी कळलं. हरून त्यांनी 'मत बदललं' वर बोट ठेवलं आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसरी जोडी बरोबर आली. लिव्हरवर एक छोटं चाक होतं आणि त्यावर एकपासून सहापर्यंत आकडे. सहा म्हणजे लांब, कंपनीच्या लिव्हरसारखंच. एक म्हणजे सगळ्यात जवळ. ट्रेसिंग पेपर लावून पाहिला. माप बरोबर एकवर आलं.

"सर, एकवर त लेकराचा हात बसते," बंडू म्हणाला. "अन् क्लच पुरा दबनार नाई."

"एकवरच ठेव."

"तुमचा हात मोठा हाये, सर."

"बंडू, तुला माप कळलं असतं तर दोनदा दहावीला बसला असतास का?" शेषराव कडाडले, आणि लगेच त्यांना वाईट वाटलं. बंडूने लिव्हर एकवर बसवून दिलं.

राहिलं लायसन. शेषराव दुपारभर मोबाइलवर सत्यवतीबाईंचा अर्ज भरत बसले. नाव, वय, रक्तगट, सगळं भरलं. शेवटी मोबाइलने सांगितलं की अर्जदाराच्या फोनवर सहा आकडे गेले आहेत, ते दहा मिनिटांत इथे टाका. अर्जदाराचा फोन अकोल्याला होता. शेषरावांनी फोन लावला.

"तुह्या फोनवर आता सहा आकडे आले असतीन. सांग बरं."

"काहून?"

"काम आहे."

"काय काम?"

"ते मग सांगीन. आकडे सांग."

"नाई सांगत." सत्यवतीबाई ठाम होत्या. "ब्यांकेतल्या पोरीनं सांगतलं हाये, कोनालेच सांगू नका. मी इचारलं, नवऱ्याले? त थे म्हणे, नवऱ्यालेबी नाई."

"अवं, मी का चोर आहे?"

"तुमी काय लपवून राह्यले थे सांगा, मी आकडे सांगते. म्या वाचून पाठ करून ठेवले हायेत. पन सांगनार नाई."

शेषरावांनी घड्याळाकडे पाहिलं. सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. पण बावीस वर्षांची गोष्ट दहा मिनिटांत कशी सांगणार? आणि सांगताना तिचं तोंड दिसायला हवं होतं. दहा मिनिटं अशीच गेली, आकडे बाद झाले, आणि पंखा कुरकुरत राहिला.

महालक्ष्म्यांना आठ दिवस असताना, शेषरावांनी सकाळी साडेसहाला डोक्यावर हेल्मेट घातलं, खिशात ट्रेसिंग पेपर ठेवला आणि गाडीला किक मारली. फाटकाशी मनकर्णाबाई कोथिंबिरीच्या सांबारवडीचा डबा घेऊन उभ्या होत्या. "सत्यवतीले म्हणावं, लवकर ये. अन् हात संभाळजा," त्या म्हणाल्या.

हात सांभाळणंच तर अवघड होतं. शेषरावांचा पंजा मोठा, आणि लिव्हर इतकं जवळ की चारही बोटं मुडपून बसवावी लागत होती. क्लच पूर्ण दबत नव्हता, त्यामुळे प्रत्येक गिअरला गाडी अशी खरखरे की रस्त्यावरची माणसं वळून पाहत. बडनेऱ्याच्या पुढे जाईतो बोटांना मुंग्या आल्या. लोणीपाशी मुंग्याही गेल्या. मूर्तिजापूरला चहाला थांबले तेव्हा डावा हात आकड्यासारखा वळलेला होता आणि उघडेना. चहाचा ग्लास त्यात बरोबर बसला, एवढाच त्याचा फायदा. चहा पिताना त्यांना वाटलं, तिचा एवढासा हात जन्मभर आपल्या मापाच्या गोष्टी पकडत आला. आपल्याला शंभर किलोमीटर तिच्या मापाची गोष्ट धरवत नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली. सांगायला हरकत नाही, डोळेही थोडे ओले झाले. ग्लास परत द्यायला चहावाल्याने मदत केली.

जठारपेठेत पौर्णिमाच्या इमारतीखाली गाडी थांबली तेव्हा साडेदहा झाले होते. खरखर ऐकून सत्यवतीबाई गॅलरीत आल्या आणि दुसऱ्या मिनिटाला खाली होत्या. मागोमाग बाळाला घेऊन पौर्णिमा, तिचा नवरा किशोर, आणि पहिल्या मजल्यावरच्या दोन बाया. वॉचमनही खुर्ची सोडून उठला. सत्यवतीबाईंनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांची नजर त्या वाकड्या झालेल्या डाव्या हातावर थांबली, आणि त्या किंचाळल्या.

"ठणठणीत म्हणले होते ना! अगं बाई, हात गेला ना माह्या माणसाचा! अन् अशा हातानं इथलोक आले!"

"लकवा नाही," शेषराव म्हणाले.

"बोलू नका! किशोरराव, रिक्षा बोलवा!"

"अवं, लकवा नाही. लिव्हर आहे!"

मग सगळं सांगावंच लागलं. फाटकापाशी उभं राहून, हेल्मेटसकट, सगळ्यांसमोर त्यांनी सांगितलं: मैदान, बंडू, सोनेरी लिव्हर, सहा आकडे. सांगताना ते वर्गातल्यासारखे क्रमाने सांगत गेले. शेवटी उजव्या हाताने खिशातला कागद काढून त्यांनी बायकोपुढे धरला. "हे पाय. तुह्या हाताचं माप. बरोबर एकवर आलं."

सत्यवतीबाईंनी कागद घेतला. आपला डावा पंजा त्यावर ठेवला. चारही बोटं रेघेच्या बाहेर पेराभर निघाली. हार ओवणारी लांब, सडक बोटं.

"हा कोनाचा हात हाये?" त्यांनी विचारलं.

"तुहा. भिंतीवरचा. देवघरापाशी."

सत्यवतीबाई पायरीवर बसल्या, तोंडाला पदर लावला आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांना श्वास पुरेना. "अवो, थो हात मनकर्णाबाईचा हाये!"

"काय?"

"वास्तूच्या दिवशी माहे दोनी हात पुरनात होते. साठ माणसाच्या पोळ्या मी एकटीनं केल्या. महाराज म्हणे, मुहूर्त जाऊन राह्यला, कोनीबी सवाष्ण या. त मनकर्णाबाईनं हात मारले. तुमी तवा बरफ आनाले गेले होते."

शेषराव उभे होते ते गाडीच्या सीटवर टेकले. पाच महिने, रोज संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. डोळे मिटून. मनकर्णाबाई वाटी घेऊन दारात उभ्या असतानासुद्धा. त्यांनी किशोरकडे पाणी मागितलं. भिंत आणि संध्याकाळ एवढा भाग त्यांनी मघाशी सांगितला नव्हता. आता तो जन्मात सांगायचा नाही, हेही तिथेच ठरलं.

हसू ओसरल्यावर सत्यवतीबाई उठल्या. गाडीपाशी आल्या आणि त्यांनी क्लचवर बोटं ठेवली.

"अन् त्या दिवशी बोटं पुरत नोती म्हणून पडली काय मी?" त्या आता हसत नव्हत्या. "तुमी म्हणले होते, गिअर पडला, आता सोड. बिनधास्त सोड. म्या सोडला. हळू सोड असं कोनी सांगतलं होतं? तुमीच शिकवत होते ना? मास्तरनं सांगतलं थे मी केलं."

शेषरावांना ते आठवलं. शब्द न् शब्द आठवला. मुख्याध्यापक पाहत होते, म्हणून ते ऐटीत म्हणाले होते, बिनधास्त सोड.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. वॉचमन होता, पहिल्या मजल्यावरच्या बाया होत्या, जावई होता. तेव्हाही चारजण होते. शेषराव उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हिचे बोटं बरोबर होते. शिकवण्यात माझी चूक होती. चुकलं माझं."

वॉचमनला काय बोलावं ते न कळून त्याने सलाम केला.

सत्यवतीबाईंनी ते छोटं चाक फिरवलं. दोन, तीन, चार. पाचवर थांबल्या, लिव्हर दाबून पाहिलं. "इथं बरं हाये," म्हणाल्या. म्हणजे कंपनीच्या मापापेक्षा फक्त एक घर जवळ. गणिताच्या मास्तरांनी ते एक घर डोळ्यांनी मोजलं आणि बावीस वर्षं त्याच्याशेजारी मांडून पाहिली. गणित सुटलं नाही.

मग त्या वर गेल्या आणि पौर्णिमाचा पंजाबी ड्रेस घालून खाली आल्या. असा वेश शेषरावांनी त्यांच्या अंगावर कधी पाहिला नव्हता. इमारतीमागे मोकळं मैदान होतं. तिथपर्यंत गाडी ढकलत नेली. सत्यवतीबाई पुढे बसल्या, शेषराव मागे.

"कुठं धरू?" त्यांनी विचारलं.

"मांगं कडं हाये. बावीस वर्सं मी थेच धरून राह्यली."

शेषरावांनी कडं धरलं. उजव्या हाताने, कारण डावा अजून पुरता उघडला नव्हता. क्लच दबला. गिअर पडला, न खरखरता. शेषरावांनी दात घट्ट मिटून घेतले, कारण तोंड उघडलं तर ते काहीतरी शिकवतील अशी त्यांना भीती होती. बोटं एकेक करून सैल झाली आणि गाडी पुढे सरकली. मैदानाला एक फेरा झाला. दुसरा झाला. मागून शेषरावांना तिचं तोंड दिसत नव्हतं, नुसता अंबाडा दिसत होता, आणि तो अंबाडा पाच महिन्यांनी हातभर अंतरावर होता. त्यांना वाटलं, मैदान संपू नये.

तिसऱ्या फेऱ्याला सत्यवतीबाईंनी पलीकडच्या टोकाला गाडी थांबवली. पाय जमिनीवर टेकवले. मागे न वळता विचारलं, "तुळशीचं काय हाये?"

शेषरावांनी कडं आणखी घट्ट धरलं.

"तुळस पाच महिने सुकत नसते. मी मळ्यातली हावो. सुकाची असन त आठ दिवसात सुकते."

"तुळस चांगली आहे," शेषराव हळूच म्हणाले. "छातीएवढी झाली." आणि मग पुढचं कसं बोलले, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. "मीच सुकून राह्यलो, वं."

गाडी चालू होती. क्लचवरची बोटं घट्ट झाली, मग पुन्हा सैल झाली.

"चार," त्या म्हणाल्या. "सात. शून्य. दोन. नऊ. एक."

"काय?"

"थे सहा आकडे. लिवून घ्या."

आकडे बाद होऊन दोन दिवस झाले होते. शेषरावांनी शर्टाच्या खिशातून पेन काढला, आणि हात अजून पुरता उघडत नव्हता तरी त्याच वळलेल्या डाव्या तळव्यावर, बोटं मोठ्या कष्टाने बाजूला करत, त्यांनी ते सहाही आकडे नीट लिहून घेतले.